साक्षीदार उभा, उलटतपासणी मात्र नाही!

प्रश्नपत्रिकेत जुना उतारा छापला की इतिहास शिकवून झाला, अशी एक सोयीची समजूत आपल्या शिक्षणव्यवस्थेने करून घेतली आहे. ही समजूत खोटी आहे, आणि तिचा खोटेपणा आम्ही आज सप्रमाण मांडणार आहोत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२२-२३ साली बारावीच्या इतिहासाच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत मूळ साधनांतील उताऱ्यांवर तीन प्रश्न ठेवले. प्रत्येकी ४ गुण, एकूण १२. सनावळ्या घोकण्याच्या रोगावर हा उतारा म्हणून योजला गेला. हेतू स्तुत्य होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण औषधाच्या बाटलीत नुसते पाणी भरून दिले, तर वैद्याच्या हेतूची स्तुती करून रोगी बरा होत नाही!

आमच्याच मातीतले उदाहरण घेऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी आसपासच्या खेड्यांतील रयत जमली आणि तिने सावकारांच्या दुकानांवर चाल केली. तिने मागितले काय? दागिने नव्हेत. तिने वह्या मागितल्या, कर्जरोखे मागितले आणि हाती आलेले कागद जाळून टाकले. पुण्याहून हा वणवा अहमदनगर जिल्ह्यात गेला. मुंबई सरकार प्रथम या प्रकाराला फारसे महत्त्व देईना. पण १८५७ ची धास्ती मनात असलेल्या हिंदुस्थान सरकारने आग्रह धरला, चौकशी आयोग नेमला गेला, आणि त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. शेतकऱ्यांच्या व सावकारांच्या जबान्या, साऱ्याचे दर, भाव, व्याजाचे आकडे, कलेक्टरांचे अहवाल असे प्रचंड साहित्य त्यात आहे.

त्या साहित्यातील एक अर्ज बारावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात छापलेला आहे. कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या एका रयतेने अहमदनगरच्या कलेक्टरपुढे मांडलेले ते गाऱ्हाणे आहे. सावकार अलीकडे छळू लागले आहेत, घरखर्च भागत नाही म्हणून त्यांच्याच दारात जावे लागते, ते जाचक अटी लिहून घेतात, आणि रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा पंचवीस किंवा पन्नास टक्के चढ्या भावाने धान्य-कापड देतात, असे त्याचे सार. अशा उताऱ्याखाली प्रश्न येतात ते बहुतेक एकाच वळणाचे: रयतेची तक्रार कोणाविरुद्ध होती? सावकार कोणत्या प्रकारे अन्याय करीत? रयतेला कर्ज का काढावे लागे? विद्यार्थी उताऱ्यातील दुसरी ओळ पहिल्या उत्तरात आणि चौथी ओळ दुसऱ्या उत्तरात उतरवतो. तपासनीस नमुना उत्तराशी शब्द जुळवतो आणि गुण देतो. आमचा सवाल असा आहे की, यात इतिहास कोठे आहे? ज्या मुलाने वर्षभर इतिहासाचे पुस्तक उघडलेले नाही, पण ज्याला वाचता येते, तोही हे गुण मिळवील. ही वाचनाची परीक्षा झाली. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करायचे आणि त्याचे नाव-गाव विचारून त्याला घरी पाठवायचे, याला कोणी खटला म्हणत नाही!

उलटतपासणी केली असती तर काय दिसले असते? पहिली गोष्ट, हा अर्ज ज्याच्यापुढे आला तो कलेक्टर म्हणजे जिल्ह्याच्या साऱ्याच्या वसुलीचा मुख्य अधिकारी. ज्याच्या हाती वसुली, त्याच्याचपुढे साऱ्याची तक्रार करण्याची छाती कितीकांना झाली असती? मग उताऱ्यात सावकाराचे नाव आहे आणि सरकारचे नाही, यावरून रयतेचे सरकारविषयी काही गाऱ्हाणेच नव्हते असे ठरते काय? दुसरी गोष्ट, विद्यार्थ्यापुढे हा अर्ज इंग्रजीतून आला आहे. मिरजगावची रयत इंग्रजीत रडत नव्हती, हे सांगावयास नकोच. म्हणजे मूळ बोलण्यावर लिहिणाऱ्याचा एक हात फिरला आणि भाषांतर करणाऱ्याचा दुसरा. त्यात काय गळले, काय नरम झाले, हा प्रश्न विद्यार्थ्याला सुचला पाहिजे. तिसरी गोष्ट, उताऱ्याच्या बाहेरची. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापसाला सोन्याचा भाव आला आणि दख्खनेत कर्जाचा पूर वाहिला. १८६५ साली युद्ध संपले, पूर ओसरला, सावकाराने हात आखडला. आणि नेमक्या त्याच सुमारास नव्या आकारणीने सारा कित्येक ठिकाणी ५० पासून १०० टक्क्यांपर्यंत चढला. हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या अर्जातील मौन ऐकू येते. इतिहासाचा अभ्यास तो हाच!

सावकार निर्दोष होता असे कोणी आमच्या तोंडी घालू नये. त्याचा जुलूम खरा होता. प्रश्न एवढाच की, तो एकटाच गुन्हेगार होता काय? आयोगाचे उत्तर तसेच होते. सरकारी सारा हे दंग्याचे कारण नव्हे, दोष सावकारांचा, असा निर्वाळा त्याने दिला. सरकारने नेमलेल्या आयोगाने सरकारला निर्दोष ठरवावे, यात नवल ते काय! पाठ्यपुस्तकाच्या कर्त्यांनी हा धोका ओळखला आहे. सरकारी अहवाल कोणाच्या नजरेने लिहिले जातात, ते इतर पुराव्यांशी ताडून का पाहावेत, हे त्यांनी त्याच प्रकरणात सांगितले आहे. म्हणजे पुस्तक जे शिकवते तेच परीक्षा विसरते. आणि वर्गात शेवटी शिकवले जाते ते परीक्षेत विचारले जाते तेवढेच, हे आम्हांस ठाऊक आहे, शिक्षकांस ठाऊक आहे आणि मंडळासही ठाऊक आहे.

ही पोकळी भरून काढावयास शिकवण्यांची दुकाने टपलेलीच आहेत. त्यांनी दोन मंत्र तयार ठेवले आहेत. लेखक घटनास्थळी हजर असेल तर ‘प्रत्यक्षदर्शी, म्हणून विश्वसनीय’. तो कोणाच्या पदरी असेल तर ‘पक्षपाती, म्हणून अविश्वसनीय’. दोन्ही मंत्र फोल आहेत. डोळ्यांनी पाहणारा चुकतो आणि खोटेही बोलतो. आणि पक्षपाती कागद टाकाऊ ठरवला तर इतिहासाला उरणार काय? आयोगाचा तो अहवालच पाहा. दंगा का झाला याविषयी तो डोळे मिटून मानू नये. पण दंगा का झाला असे सरकारला जगाला भासवावयाचे होते, याचा त्याच्याइतका अव्वल पुरावा दुसरा नाही. ‘पक्षपाती’ या शब्दावर उत्तर संपत नसते, तेथून ते सुरू होते.

हे काही परदेशातून आणलेले नवे खूळ नव्हे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्या शतकाच्या सातव्या दशकात नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने विद्यार्थिदशेत त्याची चिकित्सा केली. साहेबाने लिहिले म्हणून त्याने मान डोलावली नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड प्रसिद्ध केली, तीही गावोगाव दफ्तरे धुंडाळून. आणि अस्सल पत्र व मागाहून रचलेली बखर यांची प्रत एक नव्हे, हे महाराष्ट्राला बजावले. त्या परंपरेच्या वारसांनी उताऱ्यातील ओळी उतरवून पैकीच्या पैकी गुण मिळवावेत, ही आमच्या मते लाजिरवाणी गोष्ट आहे.

यावर अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर आम्हांस माहीत आहे. उत्तरपत्रिका लाखोंनी येतात, मताची उत्तरे तपासणार कोण, गुणदानात एकवाक्यता कशी राहणार? हा बचाव लटका आहे. आम्ही मताला गुण मागत नाही, मताच्या आधाराला मागतो. उताऱ्यातील शब्द दाखवला काय, बाहेरची माहिती जोडली काय, उताऱ्याची मर्यादा सांगितली काय, हे तीनही मुद्दे कोणत्याही तपासनिसाला मोजता येतात.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक उताऱ्यावर तो कोणी, केव्हा, कोणासाठी, कोणत्या भाषेत लिहिला हे छापा. चारपैकी निदान दोन गुण अशा प्रश्नाला द्या, ज्याचे उत्तर उताऱ्यात आयते सापडत नाही. शक्य तेथे एकाच घटनेविषयी परस्परविरोधी असे दोन उतारे द्या. रयतेचा अर्ज आणि आयोगाचा निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांना झगडू द्या. आणि नमुना उत्तराशी न जुळणारे पण सप्रमाण असलेले उत्तर कापू नका.

विद्यार्थ्यांनाही आम्ही सांगतो की, मंडळाची वाट पाहू नका. उतारा वाचण्यापूर्वी त्याच्या माथ्यावरची ओळ वाचा. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे ठरवा. जो दावा कराल त्याला उताऱ्यातील नेमका शब्द जोडा. उतारा कशाविषयी गप्प आहे, हे एका वाक्यात का होईना, लिहाच. गुण कदाचित तेवढेच मिळतील. पण अक्कल तुमची राहील.

सुप्याच्या रयतेपैकी कित्येकांना अक्षरओळख नव्हती. कशावर अंगठा उठवला हे त्यांना कळत नव्हते. पण त्या कागदात आपले शेत अडकले आहे, एवढे त्यांनी पुरते ओळखले होते. आज शिकलेल्या तरुणापुढे जन्मभर कागद येणार आहेत: सरकारचे अहवाल, आयोगांचे निवाडे, पुढाऱ्यांची निवेदने. त्यांना जाळण्याची त्याला गरज नाही. त्यांना प्रश्न विचारण्याची आहे. ती सवय इतिहासाच्या तासाला लागली नाही, तर ती कोणत्या तासाला लागणार, याचे उत्तर आता मंडळाने द्यावे!