भाव सांगता, पगारही सांगा

जुन्या भावांची उजळणी हा आपल्याकडचा आवडता कार्यक्रम झाला आहे. मुंबईत कांजूरमार्ग पूर्वेला ज्येष्ठ नागरिकांची बैठक असो की पश्चिमेला कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचा स्नेहमेळावा, साठीच्या दशकाचा विषय निघाला की यादी सुरू होते. दहा ग्रॅम सोनं ११९ रुपये. डॉलर पावणेपाच रुपये. रास्त भावाच्या दुकानातला गहू किलोला चाळीस पैशांच्या आतबाहेर. ऐकणारी नातवंडं डोळे विस्फारतात आणि सांगणाऱ्याला वाटतं, काय सुखाचे दिवस होते! अमेरिकेतली त्याच वयाची माणसंही अशीच रमतात. १९६२ साली पेट्रोल गॅलनला तीस-एकतीस सेंट, पत्राचं तिकीट चार सेंट, मॅकडोनाल्डचा हॅम्बर्गर पंधरा सेंट, दहातल्या नऊ घरांत टीव्ही आणि व्हाइट हाउसमध्ये केनेडी.

या याद्यांतले आकडे बहुतेक खरे असतात. पण अर्धा हिशेब पुऱ्या हिशेबासारखा मांडला की तो दिशाभूल करतो, आणि ही दिशाभूल आपण पुढच्या पिढीच्या हातात देत आहोत. भाव सांगणारा पगार सांगत नाही. त्या पगारात किती तोंडं जेवत होती, हे तर कुणीच सांगत नाही.

सोन्यापासूनच सुरुवात करू. १९६२ साली दहा ग्रॅमला ११९ रुपये होते, मान्य. पण देशाचं दरडोई वार्षिक उत्पन्न तेव्हा तीनशे-सव्वातीनशे रुपये होतं. म्हणजे सरासरी माणसाच्या साधारण साडेचार महिन्यांच्या उत्पन्नाएवढं ते सोनं होतं. आज दहा ग्रॅमला लाखाच्या वर मोजावे लागतात आणि दरडोई उत्पन्न दोन लाखांच्या आसपास आहे. तेव्हा साडेचार महिने, आज सहाच्या वर. सोनं तेव्हाही महागच होतं, मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढायला लावण्याइतकं महाग. ऑक्टोबर १९६२मध्ये चीनने आक्रमण केलं तेव्हा बायकांनी हातातल्या बांगड्या उतरवून संरक्षण निधीला दिल्या, त्या ‘स्वस्त’ होत्या म्हणून दिल्या नाहीत. आणि पुढच्याच जानेवारीत मोरारजी देसाईंचा सुवर्ण नियंत्रण आदेश आला. चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि पिढीजात सोनारांच्या हातचं काम एका रात्रीत गेलं. १९६४ साली भाव आणखी उतरले होते. त्या उतरलेल्या भावाचाही आज कौतुकाने उल्लेख होतो. तो उतरताना किती सोनारांच्या चुली विझल्या, हे यादीत येत नाही.

आता गव्हाकडे येतो, कारण अमेरिका आणि कांजूर यांचा खरा संबंध गव्हाच्या पिशवीतून होता.

त्या वेळी कांजूरमार्ग स्टेशनच नव्हतं. ते दशकाच्या शेवटी शेवटी झालं. भांडुप नाहीतर विक्रोळी गाठायची आणि तिथून पायी. आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग तेव्हा आग्रा रोड होता. त्याच्या कडेने कारखाने उभे राहत होते: इथे क्रॉम्प्टन, भांडुपला सीएट, मुलुंडला जॉन्सन, अलीकडे विक्रोळीला गोदरेज. टेकडीपलीकडे पवईला १० मार्च १९५९ रोजी नेहरूंनी आयआयटीचा पायाभरणी दगड बसवला होता आणि तिथली यंत्रं नि तज्ज्ञ सोव्हिएत रशियाकडून येत होते. रशियन यंत्रं टेकडीपलीकडे आणि अमेरिकन गहू टेकडीच्या पायथ्याच्या दुकानात, असा तो काळ होता. दोन महासत्तांची स्पर्धा पुस्तकात वाचायची गरज कांजूरच्या माणसाला नव्हती.

४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर आणि आपले अन्नमंत्री स. का. पाटील यांनी पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखालच्या मोठ्या करारावर सह्या केल्या. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. रोजचा हिशेब काढला तर सरासरी अकरा हजार टन गहू येतो. अमेरिकेकडे गव्हाचं पीक कोठारात मावत नव्हतं आणि आपल्याकडे पुरत नव्हतं. किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकवायची सोय होती, म्हणून तो आपल्याला परवडला. मुंबईच्या बंदरात उतरलेला हा गहू रास्त भावाच्या दुकानांतून घरोघरी गेला.

तो गहू शिजवणाऱ्या हातांना विचारा, म्हणजे चाळीस पैशांत काय काय धरलेलं नव्हतं ते कळेल. दाणा लालसर. निवडायला बसलं की काडीकचरा, खडे आणि परक्या बिया निघायच्या. पीठ कोमट पाण्यात भिजवून, तेलाचा हात लावून, कितीही मळलं तरी पोळी गार झाली की वातड व्हायची. डब्यात नेलेली तर दुपारी दातांनी ओढून खावी लागे. काही घरांत त्यात ज्वारीचं पीठ मिसळायचे, काही घरांत भाकरीच बरी म्हणायचे. शिवाय दुकानात माल आला ही बातमी लागली की कार्ड नि पिशवी घेऊन पळायचं, रांगेत उभं राहायचं, आणि पुढे सातजण असताना ‘संपला’ असं ऐकून परत फिरायचं. बाईच्या रांगेतल्या तासांची किंमत चाळीस पैशांत धरलेली नाही. पहाटे आरेच्या दुधासाठी वेगळी रांग असे. त्या बाटलीतलं टोन्ड दूध म्हणजे म्हशीच्या दुधात पाणी आणि स्निग्धांश काढलेली पावडर मिसळून पुरवठ्याला आणलेलं दूध. दारा खुरोडींनी मुंबईत आणलेली ही युक्ती गरजेतून सुचलेली आणि खरोखर लोकहिताची होती, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण दूध भरपूर असतं, तर तिची गरजच पडली नसती.

आणि मग १९६३चा ऑगस्ट. त्या वर्षीची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बातमी कुठल्याही ‘त्या वर्षी काय घडलं’ यादीत दिसत नाही. आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला होता. पोटनिवडणुकीत नुकतेच निवडून आलेले राममनोहर लोहिया उभे राहिले आणि म्हणाले की या देशातली २७ कोटी माणसं रोज तीन आण्यांवर जगतात. नेहरूंनी उत्तर दिलं, पंधरा आणे. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदांनी पुढे साडेसात आण्यांचा आकडा दिला. नवं नाणं १९५७पासूनच सुरू झालं होतं, पण भांडण आण्यांत झालं, कारण लोकांच्या डोक्यात हिशेब अजून आण्यांतच होता. तीन आणे म्हणजे एकोणीस नये पैसे. तुमच्या आठवणीतल्या ‘चाळीस पैसे किलो’ गव्हाचा अर्धा किलोसुद्धा त्यात येत नाही. मीठ, तेल, जळण, कापड, गाडीभाडं, औषध सगळं बाजूला ठेवून.

लोहियांचा आकडा कमी होता की नेहरूंचा जास्त, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. नेहरू सरासरी सांगत होते आणि लोहिया तळाच्या साठ टक्क्यांबद्दल बोलत होते, हा त्यातला मुख्य घोटाळा. पण या वादामुळे एक मोठं काम झालं. कोण किती खर्चात जगतो, हे नीट मोजल्याशिवाय राज्य चालवता येणार नाही, हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९६०-६१च्या भावांनी गावात माणशी महिना पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही जगण्याची किमान रेषा धरली. खेड्यातली चाळीस टक्के आणि शहरातली पन्नास टक्के माणसं त्या रेषेखाली निघाली. साडेबावीस रुपये म्हणजे रोजचे पंचाहत्तर पैसे, बारा आणे. शहरातल्या दोन माणसांपैकी एकाला तेवढेही मिळत नव्हते. सुवर्णकाळ म्हणतात तो हाच काळ.

अमेरिकेचं चित्र वेगळं होतं, पण तिथेही यादीने काही झाकलंच आहे. हॅम्बर्गर पंधरा सेंटला मिळत होता त्याच १९६२ साली मायकेल हॅरिंग्टन यांचं ‘दि अदर अमेरिका’ प्रसिद्ध झालं आणि श्रीमंत देशातली गरिबी लोकांना दिसली. तिथल्या सामाजिक सुरक्षा खात्यातल्या मॉली ओर्शान्स्की या अधिकारी बाईंनी साध्या जेवणाचा खर्च काढून त्याला तीनने गुणलं आणि दारिद्र्यरेषा आखली. त्या मापाने साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पाचातला एक अमेरिकन गरीब होता. दोन देश, एकमेकांपासून पृथ्वीच्या दोन टोकांना, आणि आपली गरिबी मोजायला दोघांनी बसावं ते एकाच दशकात. याउलट, पेट्रोल तेव्हा स्वस्त होतं ही अमेरिकन म्हाताऱ्यांची आठवण खरी आहे हेही सांगितलं पाहिजे. सप्टेंबर १९६१पासून तिथलं किमान वेतन तासाला १.१५ डॉलर होतं. तासाभराच्या मजुरीत पावणेचार गॅलन पेट्रोल यायचं. आज केंद्रीय किमान वेतन २००९पासून सव्वासात डॉलरवर थांबलेलं आहे आणि त्यात दोन-सव्वादोन गॅलन येतं. पगाराचा रकाना जोडला की असं होतं. कुठे जुनी आठवण खोटी ठरते, कुठे आजचा अन्याय उघडा पडतो. दोन्ही कळायला हवं.

करमणुकीचंही असंच. ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरला ‘मुघल-ए-आझम’ लागला, १९६१मध्ये पुलंची ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आली, १९६२मध्ये ‘तो मी नव्हेच’ आलं. ही नावं अभिमानाने घ्यावीत अशीच आहेत. पण बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सायानींचा आवाज ऐकायला माणसं दुसऱ्याच्या ओटीवर जमायची, ती फक्त शेजारधर्माची हौस म्हणून नव्हे. रेडिओला परवाना लागत असे. पोस्टात जाऊन वर्षाचे पंधरा रुपये भरायचे नि पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा. ते पंधरा रुपये म्हणजे दांडेकर-रथांच्या हिशेबातल्या गावाकडच्या माणसाच्या महिन्याभराच्या किमान जगण्याचा खर्च. मग संच घेण्याची गोष्टच वेगळी. टीव्ही तर मुंबईत यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला.

कांजूरपुरतं बोलायचं तर मिठाचा भाव सांगणाऱ्यांनी निदान पूर्वेकडे बघून बोलावं. यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू इथेच पिकत होती. कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंडच्या पूर्वेला खाडीपर्यंत मिठागरं पसरलेली होती. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करायचे, चिखल तुडवून जमीन घट्ट करायची, भरतीचं पाणी आत घेऊन एका खणातून दुसऱ्यात फिरवत तापवायचं. उन्हाने पाणी दाट होत गेलं की लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून काठावर रास करायची आणि टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून चालत न्यायची. पायाला भेगा, भेगांत खारं पाणी, डोळ्यांत पांढऱ्या राशीवरून परत येणारं ऊन. आगरी घरं आणि हंगामापुरते आलेले मजूर हे काम करत. जूनचा पहिला पाऊस पडला की काम बंद, मजुरी बंद. मीठ स्वस्त होतं कारण हे हात स्वस्त होते. पुढे त्याच जमिनीवरच्या मेट्रोच्या कारशेडवरून केंद्र आणि राज्य कोर्टात गेलेलं आपण पाहिलं. जमिनीच्या किमतीचे आकडे तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होते. मीठ ओढणाऱ्याची मजुरी किती होती, हे मात्र कुणी विचारल्याचं मला दिसलं नाही.

हे विचारायला वेळ थोडा उरला आहे. १९६२ साली जी माणसं विशीत होती ती आज ऐंशीच्या पुढे आहेत. जुन्या वसाहती आणि चाळी पुनर्विकासाला निघाल्या आहेत, आणि खोली रिकामी करताना पहिल्यांदा रद्दीत जातात त्या हिशेबाच्या वह्या, वाण्याची उधारीची पुस्तकं, पगाराच्या चिठ्ठ्या, पिवळी पडलेली रेशनकार्डं. या कागदांवर भाव, पगार आणि माणसं एकत्र लिहिलेली आहेत. इथल्या मंडळांनी, ग्रंथालयांनी, शाळांनी ते मागून घ्यावेत, फोटो काढून परत द्यावेत. पुढच्या १ मेला जुन्या भावांचा फलक लावायचाच असेल, तर त्यावर चार रकाने आखा: वस्तू, भाव, घरात येणारा पगार, घरात जेवणारी माणसं. शेवटचे दोन रकाने भरायला घरातल्या आजीला बोलवा. महिन्याच्या वीस तारखेनंतर घरात काय शिजत होतं, हे तिला नक्की आठवत असेल.