बहिणींच्या सह्या

वसईच्या वाड्यांतील जुनी कौलारू घरे एकामागून एक वादात सापडत आहेत. वडिलांच्या वर्षाची मिस्सा होते न होते तोच भावंडांत दोन तट पडतात. एकाला घर पाडून इमारत उभारायची असते. दुसऱ्याला ओटा, पडवी आणि मागचे बावखल यांसह ते तसेच राखायचे असते. समाजाची सहानुभूती बहुधा राखणाऱ्याकडे जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीचे संस्कार झालेल्या आम्हांला ती समजतेही. परंतु हे दोघे भाऊ एका बाबतीत पूर्ण एकमताचे असतात, आणि आमचा झगडा त्या एकमताशी आहे. घराचा निर्णय भावांनी घ्यायचा, बहिणींनी सही करायची!

कायदा काय सांगतो? मृत्युपत्र नसेल, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार एकतृतीयांश हिस्सा विधवेचा आणि उरलेला सर्व अपत्यांचा, समसमान. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. आई, दोन भाऊ, दोन बहिणी असतील, तर आईचे दोन आणे धरले तर प्रत्येक अपत्याचा एक आणा. त्रावणकोरच्या ख्रिस्ती भगिनींना हाच न्याय मिळावा म्हणून मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले; निकाल १९८६ साली लागला. आपल्या बहिणींना कोणत्याही न्यायालयात जावे न लागता जे मिळालेले आहे, ते आपण हक्कसोडपत्राच्या एका कागदाने काढून घेतो आणि त्याला घराण्याची रीत म्हणतो.

"तिला लग्नात सोने दिले," हे ठरलेले उत्तर. भावाच्या शिक्षणाचा आणि त्याच्या लग्नाच्या मांडवाचा खर्च त्याच्या हिश्श्यातून वजा झाल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. गंमत अशी, की बिल्डरच्या वकिलाने मालकीची कागदपत्रे मागितली की वीस वर्षे विस्मरणात गेलेली बहीण एकाएकी आठवते. मग तिच्या घरी फळांची टोपली जाते. ज्या सहीवाचून कोट्यवधींचा व्यवहार अडतो, त्या सहीची किंमत फळांच्या टोपलीएवढी कशी?

पवित्र शास्त्राचा आधार हवा असेल, तर गणना ग्रंथाचा २७ वा अध्याय उघडावा. सलाफहादाच्या पाच कन्या मोशेपुढे उभ्या राहून पित्याचे वतन मागतात आणि परमेश्वर त्यांचे म्हणणे रास्त ठरवतो. त्यांना भाऊ नव्हता, ही पळवाट काही जण दाखवतील. पुढे ३६ व्या अध्यायात त्यांच्यावर विवाहाची अट पडली, हेही सांगतील. परंतु त्या मागायला गेल्या आणि कोणी त्यांना लोभी म्हटले नाही, एवढे तरी आपल्या धर्मग्रामांनी ध्यानात घ्यावे. आपल्याकडे हिस्सा मागणाऱ्या बहिणीसाठी माहेरचा ओटा बंद होतो.

घर राखू इच्छिणाऱ्या भावाला आमचा विरोध नाही. त्याने ते जरूर राखावे, मात्र इतरांच्या हिश्श्याचे मूल्य देऊन. एकरकमी जमत नसेल तर हप्त्यांनी द्यावे, वाडीच्या उत्पन्नातून द्यावे. बहिणीने आपखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. तो गृहीत धरण्याचा अधिकार कोणालाही नाही. वारशावर प्रेम आहे असे म्हणायचे आणि त्या प्रेमाचा खर्च बहिणींवर टाकायचा, यापेक्षा घर विकून सर्वांना समान वाटा देणारा भाऊ आम्हांला अधिक प्रामाणिक वाटतो, मग ते कौलारू छप्पर गेल्याची हळहळ कितीही होवो.

राहिले वडीलधारे. ख्रिस्ती पित्याच्या मालमत्तेत मुलांना जन्माने हक्क मिळत नाही. हयातीत तो स्वतः मालक असतो आणि मृत्युपत्राने हवी तशी व्यवस्था लावू शकतो. तरीही 'मुले समंजस आहेत' म्हणत आपले वडील कागदाला हात लावत नाहीत. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदार पुरतात. फक्त ज्यांना काही द्यायचे आहे, त्यांना साक्षीला बसवू नये.