चॉकलेटचं म्युझियम आणि भिवंडीचं खोकं

चॉकलेट या पदार्थाशी माझं वैर नाही. मधुमेहाने माझ्याशी सोयरीक जमवली तोपर्यंत मीही ते आवडीने खाल्लेलं आहे. माझं भांडण आहे ते चॉकलेटच्या म्युझियमशी, आणि त्याहूनही अधिक, 'मुलांच्या ज्ञानात भर पडते' असं म्हणत पोरांना तिथे नेणाऱ्या पालकवर्गाशी. या वर्गाचे प्रतिनिधी म्हणून आमच्या मेहुण्यांना पुढे करायला हरकत नाही.

मे महिन्यात दोन कुटुंबं, चार मुलं आणि अकरा डाग घेऊन आम्ही भिवंडीहून एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो. गावाचं नाव सांगत नाही. थंड हवेची सगळीच ठिकाणं आता सारखीच गरम झाली आहेत. तिथे 'चॉकलेट म्युझियम' अशी पाटी दिसली.

"भावोजी, हे मुलांनी पाहिलंच पाहिजे," मेहुणे म्हणाले. "वस्तू तयार कशी होते हे आजकालच्या मुलांना कुठे ठाऊक असतं?"

तत्त्व चोख होतं, तिकिटं काढली. पहिल्या दालनात चॉकलेटचा ताजमहाल. दुसऱ्यात काचेपलीकडे डोक्याला टोपी बांधलेली एक मुलगी पातळ चॉकलेट साच्यात ओतत होती. तिसरं दालन म्हणजे दुकान. ते पहिल्या दोन्हींच्या तिप्पट मोठं, आणि बाहेर पडायची वाट त्यातूनच. वस्तू तयार कशी होते हे कळलं नाही, पण ती विकली कशी जाते हे चारही मुलांना उत्तम कळलं.

आता मला सांगा, तयार लादी वितळवून पुन्हा थिजवली, तर त्यात 'तयार' काय झालं? उद्या गुळाचा पाक करून चिक्की थापणाऱ्याने दारावर 'ऊस म्युझियम' अशी पाटी लावली तर चालेल का? कोकोची फळं झाडाच्या बुंध्यालाच लटकतात. ती फोडून आतल्या बिया गरासकट पाच-सात दिवस आंबवतात, मग वाळवतात, भाजतात, टरफलं काढून वाटतात. तेव्हा कुठे चॉकलेटचा वास येतो. यातलं अवाक्षर त्या दालनांत नव्हतं.

चांगलं म्युझियम असू शकत नाही असं नव्हे. जर्मनीत कोलोन शहरात ऱ्हाइन नदीच्या काठी 1993 सालापासून एक आहे. तीन मीटर उंचीचं चॉकलेटचं कारंजं ही त्याची ख्याती. पण तिथे काचघरात कोकोची जिवंत झाडंही आहेत. मूल निदान हे झाड, हे फळ, ही बी असं बोट ठेवून शिकतं.

आमच्या धाकटीने टोपीवाल्या मुलीला विचारलं, "कोको कोण पिकवतं?" काच जाड होती, प्रश्न अलीकडेच राहिला. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथली हजारो मुलं शाळेच्या वयात कोकोच्या मळ्यांत राबतात, आणि पिकवणाऱ्यांपैकी कित्येकांनी चॉकलेट कधी चाखलेलंही नसतं. पण हे सांगितलं तर तिसऱ्या दालनातली विक्री मंदावेल.

खरी मौज पुढे आहे. दुकानातल्या पोऱ्याने नवं खोकं फोडलं. त्यावर चिठ्ठी होती : गोदाम, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. म्हणजे आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावरून निघालेला माल विकत घ्यायला आम्ही अर्धा दिवस एसटीत उलट्या आवरत गेलो होतो!

ज्या भिवंडीतून आम्ही आलो, तिथे वस्तू खरोखर तयार होते. मागांची मोजदाद लाखांत होते. अलीकडे पुष्कळ भंगारात गेले, तरी गल्लीतून चालताना खडखडाट थांबत नाही. उभा ताणा, आडवा बाणा, मधून धावणारा धोटा, आणि डोळ्यांदेखत वितीवितीने वाढणारं कापड. तिकीट नाही, काच नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कारागीर कांडी बदलता बदलता मुलांच्या प्रश्नाला उत्तरही देईल. पण आमच्या आळीतलं एकही मूल तिथे नेलेलं मी पाहिलेलं नाही.

मेहुण्यांपुढे हे मांडलं. ते म्हणाले, "अहो भावोजी, तिथे आवाज किती असतो! शिवाय कापसाचे तंतू नाकात जातात. मुलं आजारी पडायची."

नेमकं हेच मुलांना कळायला हवं. त्या आवाजात आणि त्या तंतूंत माणसं बारा-बारा तासांची पाळी करतात, तेव्हा आपल्या उशीला अभ्रा मिळतो. आपल्या पोरांनी दहा मिनिटं उभं राहिलं तर त्यांचे कान फुटणार नाहीत. झालेच तर जरा उघडतील. वस्तू कशी तयार होते या प्रश्नाच्या पोटात ती कोण तयार करतं हा प्रश्न असतो. तो वगळला, की उरतं ते दुकान.

तेव्हा सुट्टीत चॉकलेटच्या म्युझियमला खुशाल जा. ताजमहालापुढे फोटो काढा, दोन किलो चॉकलेट आणा, शेजारी वाटा. फक्त त्याला सहल म्हणा, शिक्षण म्हणू नका.