थोरांचे दोष

थोर पुरुषांचीं चरित्रें मुलांच्या हातीं देतांना त्यांतील कोणतीं पानें उघडीं ठेवावीं व कोणतीं मिटावीं, हा प्रश्न शिक्षकाला कधीं ना कधीं पडतोच. यंदा तो आम्हांस वर्गांतच पडला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्राविषयीं बोलणें चाललें असतां एका विद्यार्थिनीनें उभें राहून विचारलें, “सर, ज्यांनीं आपल्या पत्नीला इतकें दुःख दिलें, त्यांचीं भजनें आपण प्रार्थनेच्या वेळीं कां म्हणावीं?” पुढें ही गोष्ट एका पालकांच्या कानीं गेली. ते सद्भावनेनेंच आम्हांस म्हणाले, “मुलांना असलें कशाला सांगतां? त्यांची श्रद्धा उडेल.” विद्यार्थिनीचा प्रश्न आणि पालकांची भीति, दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणूनच त्यांचा विचार येथें करीत आहों.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत झाला. १८९५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ते थोर कवि होते, कीर्तनकार होते. ख्रिस्ताची भक्ति मराठी अभंगांतून व मराठी चालींवर करतां येते, हें त्यांनीं दाखवून दिलें. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास गेले आणि तेथें त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांनीं भाऊबहिणींप्रमाणें एकत्र यावें, अशी त्यामागची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजीं त्यांचें निधन झालें.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू त्यांच्या पत्नीनें लिहिली असून तिचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. टिळकांचा राग भयंकर असे; पैसा त्यांच्या हातीं टिकत नसे; मनांत आलें कीं ते कोणास न सांगतां घरांतून निघून जात. धर्मांतरासारखें पाऊल त्यांनीं पत्नीला विश्वासांत न घेतां उचललें, आणि त्यानंतर कांहीं वर्षें लक्ष्मीबाईंना लहानग्या दत्तूसह पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयानें काढावीं लागलीं. पुढें त्या पतीकडे आल्या व १९०० सालीं स्वतः विचार करून त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु मधल्या काळांतील अश्रु कांहीं खोटे नव्हते.

हें मुलांपासून लपवावें काय? आमच्या मतें, लपवूं नये. निर्दोष म्हणून पुढें ठेवलेली मूर्ति मूल मोठें झाल्यावर कधीं तरी तडकतेच. आणि मग फसविलें गेल्याच्या रागानें तें मूर्तीबरोबर तिच्यामागील सत्यही फेंकून देतें. कोंबडा आरवण्यापूर्वीं पेत्रानें आपल्या गुरूला तीन वेळां नाकारलें, ही कथा चारही शुभवर्तमानांत आहे. ज्या मंडळीचा तो पुढारी होता, तिनेंच ती जतन केली. त्या कथेनें पेत्र लहान झाला नाहीं. उलट पडलेल्या मनुष्यालाही पुन्हां उठतां येतें, हा धीर तिनें असंख्यांना दिला.

परंतु याच्या उलट जी चूक होते, तीही तितकीच घातक आहे. “थोर माणसें अशींच असावयाचीं,” असें म्हणून आपण सहज पुढें जातों. हा लक्ष्मीबाईंवर अन्याय आहे. टिळकांच्या उतावळेपणाची किंमत टिळकांनीं नव्हे, लक्ष्मीबाईंनीं भरली. तेव्हां क्षमा करण्याचा अधिकार त्यांचा होता. त्यांच्या वतीनें आपण उदार होणें शोभत नाहीं. त्यांनीं काय केलें, हें मात्र पाहण्यासारखें आहे. पतीचे दोष त्यांनीं हंसत हंसत, पण स्पष्ट लिहिले. आणि त्याच पतीचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांनींच पूर्ण केलें. दोष ठाऊक असणें आणि प्रेम असणें यांत त्यांना विरोध दिसला नाहीं.

येथें एक मर्यादा मुलांना सांगितलीच पाहिजे. स्वभावाचा दोष वेगळा आणि गुरुपदाचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार वेगळा. जो आपल्या आसनाच्या आडून अनुयायांना नाडतो, त्याच्यावर “तोही मनुष्यच” ही छत्री धरूं नये. तसें कांहीं दिसल्यास आईबापांना किंवा विश्वासांतील वडील माणसांना निर्भयपणें सांगावें. त्यानें श्रद्धेचा भंग होत नाहीं.

‘देवाचा दरबार’ टिळकांच्या पश्चात् फार काळ टिकला नाहीं. त्यांची मूर्ति आजही जिवंत दिसते ती लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांत, म्हणजे ज्यांत त्यांचे दोष मोकळेपणें सांगितले आहेत त्याच पुस्तकांत. स्तुतिपर भाषणें विसरलीं जातात. खरें सांगणारी साक्ष उरते. संस्थापकाचा दोष ऐकतांच जी चळवळ कानांवर हात ठेवते, तिचा विश्वास देवावर नसून मनुष्यावर आहे, असें समजावें.

आपल्या भाईंदरच्या मिठागरांत खाडीचें पाणी अडवून पिढ्यान् पिढ्या मीठ पिकविलें गेलें. तळाच्या मिठाला चिखल लागलेला असे. म्हणून कोणीं मीठ टाकून दिलें नाहीं, आणि चिखलालाही कोणीं मीठ म्हटलें नाहीं. पालकांनीं मुलांना हा विवेक शिकवावा, एवढीच आमची विनंति आहे.

आणि त्या विद्यार्थिनीस आमचें उत्तर असें: मुली, तूं विचारलेंस तें योग्यच केलेंस. भजन मात्र अवश्य म्हण. आपण अजून फार अपूर्ण आहों, अशी प्रभूजवळ कबुली देणारें टिळकांचेंच एक भजन आहे. तें त्यांनीं खोटें लिहिलें नव्हतें, हें आतां तुला ठाऊक झालें आहे. म्हणून उद्यां तें अधिक समजून म्हणशील.