धाडस हवे, पण शिस्तीत

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला मामांकडे गेलो होतो. त्यांचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते. आईची किडनी त्यांना जुळली नाही. मी म्हणालो, "अमेरिकेत आता डुकराची किडनी माणसाला बसवतात." आजी म्हणाली, "शिव शिव! काहीतरीच बोलतोस." मामा मात्र म्हणाले, "इथे मिळाली तर मी पहिला नंबर लावीन."

मला मामांचे पटते, पण एका अटीवर.

मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ६२ वर्षांच्या रिक स्लेमन यांना डुकराची किडनी बसवली. शरीराने ती शत्रू समजून नाकारू नये आणि डुकरातले विषाणू माणसात जागे होऊ नयेत, म्हणून त्या डुकराच्या जनुकांत ६९ बदल केले होते. आधी माकडांवर प्रयोग झाले, मग सरकारी परवानगी आणि रुग्णाची संमती. स्लेमन सुमारे दोन महिन्यांनी वारले. मृत्यू किडनीमुळे झाल्याचे डॉक्टरांना आढळले नाही. पुढे २०२५ मध्ये तिथेच टिम अँड्र्यूज यांच्या शरीरात अशी किडनी २७१ दिवस राहिली.

आपल्या देशात १९९७ मध्येच आसाममधील सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचे हृदय माणसात बसवले होते. रुग्ण सात दिवस जगला. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली डॉक्टरांना अटक झाली. धाडस दोन्हीकडे होते, फरक तयारीचा आणि परवानगीचा होता. ऑब्स्टॅकल कोर्सवर आमचे उस्ताद म्हणतात, उडी घेण्याआधी पलीकडची जमीन बघा. इथे तर उडी डॉक्टरची आणि जीव रुग्णाचा असतो. माझी अट हीच आहे.

शिस्त म्हणजे आधीचे काम आधी, हेही आले. आपल्याच छत्तीसगडमध्ये गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा गावात किडनीच्या आजाराने अनेक माणसे दगावली. तिथल्या पाण्यावर संशय घेतला जातो. त्या गावाला डुकराच्या किडनीआधी शुद्ध पाणी हवे.

आणि मामांना? त्यांचे नाव प्रतीक्षायादीत आहे. यादी लांब आहे, कारण मृत्यूनंतर अवयव देणारी घरे थोडी आहेत. आमचेही घर त्यांत नव्हते. म्हणून मी आजीला पत्र लिहिले आहे : "आजी, डुकराचे नाव नको असेल, तर घरातल्या मोठ्यांनी अवयवदानाचा फॉर्म भरावा. अठरा पूर्ण झाले की मीही भरीन."

उत्तराची वाट पाहतो आहे.