हिरड्यांचे दुखणे आणि शिध्याचा हिशेब

हिरड्यांतून रक्त येऊ लागले की कष्टकऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात : दात नीट घासा आणि तंबाखू सोडा. दोन्ही सल्ले रास्तच आहेत. दातांवर साचणारे जिवाणूंचे किटण आणि तंबाखू ही या रोगाची प्रमुख कारणे होत. परंतु हिरड्यांचे बळ अन्नावरही अवलंबून असते आणि ते अन्न मजुरीच्या दरावर ठरते, याविषयी सल्लागार सहसा मौन पाळतात.

१७४७ साली ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीने ग्रासलेल्या १२ खलाशांवर निरनिराळे उपचार करून पाहिले. सुजलेल्या, सडू लागलेल्या हिरड्यांच्या या रुग्णांपैकी ज्या दोघांना संत्री व लिंबे मिळाली, ते झपाट्याने सुधारले. तरीही लिंबाचा रस नौदलाच्या शिध्यात आला तो १७९५ साली. औषध सापडले होते. पण शिधा ठरविण्याचा अधिकार खलाशांच्या हाती नव्हता.

आज उघड स्कर्व्ही क्वचितच आढळते. मात्र 'क' जीवनसत्त्वाची दीर्घकाळची तूट हिरड्यांना दुबळे करते. साखरेचा अतिरेक किटणाला खतपाणी घालतो. मधुमेह जडला की हिरड्यांचा दाह बळावतो आणि तो दाह उलट रक्तातील साखर आटोक्यात येऊ देत नाही.

महाराष्ट्रातील ऊसतोड मजुराचेच उदाहरण घ्यावे. देशाला साखर पुरविणारे हे हात हंगामात कोपीत राहून भाकरी, चटणी आणि गोड चहावर दिवस काढतात. थकवा मारायला तंबाखू वा मिश्री असतेच. पेरू आणि शेवग्याचा पाला स्वस्त आहे, असे त्यांना सांगणे सोपे. परंतु ज्याला जमीन नाही त्याला झाडही नाही, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल केव्हाच खर्ची पडलेली असते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. हा हक्क मोलाचा आहे आणि त्याचे रक्षण केलेच पाहिजे. पण गहू-तांदळात 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसते. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी प्रौढामागे २७०० उष्मांकांचा निकष धरला. उष्मांक भाकरीने भरतात, तसे साखरेनेही भरतात. केवळ किलो आणि उष्मांक मोजणारा हिशेब म्हणूनच अपुरा आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. रेशनवर कडधान्ये मिळावीत. मोड आणली की त्यांत 'क' जीवनसत्त्वही तयार होते. ऊसतोडीच्या तळांवर कारखान्यांनी रास्त दरात ताजी भाजी पुरवावी. किमान वेतन ठरविताना भाजी आणि फळे यांचा खर्च स्वतंत्रपणे धरावा. आरोग्य शिबिरात दात तपासणाऱ्या कार्यकर्त्यांनी मजुराच्या ताटाचीही नोंद घ्यावी आणि ती नोंद वेतनाच्या वाटाघाटीत मांडावी.