वातरक्ताची गोळी

ज्या घरीं कोणी ॲझाथायोप्रीनची गोळी घेत असेल, त्या घरच्या मंडळींनीं ॲलोप्युरिनॉल हें दुसरें नांवही पाठ करून ठेवावें, अशी आमची विनंती आहे. पहिली गोळी संधिवात, आंतड्यांचा दाह किंवा बसविलेलें मूत्रपिंड यांसाठीं एक डॉक्टर देतात. दुसरी वातरक्तासाठीं, म्हणजे ज्यास गाऊट म्हणतात त्यासाठीं, दुसरे देतात. दोघेही आपापल्या जागीं बरोबर असतात, आणि रोगी मात्र संकटांत सांपडतो.

याचें मर्म प्युरीन नामक द्रव्यांत आहे. जननद्रव्याच्या चार अक्षरांपैकीं दोन प्युरीनचीं. रोगाशीं झुंजणाऱ्या लसिकापेशी परकें कांहीं दिसतांच भराभर दुणावतात, तेव्हां त्यांस हीं अक्षरें विपुल लागतात. वापरून झालेल्या प्युरीनचें युरिक ॲसिड करण्याचें काम झँथीन ऑक्सिडेझ हें विकर करतें. (विकर म्हणजे एंझाइम, विकार नव्हे!)

अमेरिकेंतील गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांनीं प्युरीनचा एक तोतया तयार केला. हें ६-मर्कॅप्टोप्युरीन पेशींत शिरून अक्षरजुळणी बिघडवितें. १९५३ पासून तें रक्ताच्या कर्करोगावर देऊं लागले. १९५९ सालीं श्वार्ट्झ व डॅमेशेक यांनीं सशांवर प्रयोग करून, त्यानें प्रतिकारशक्तीही दबते असें दाखविलें. ॲझाथायोप्रीन हें त्याचेंच पुढचें रूप. शरीरांत गेल्यावर त्याचें पुनः मर्कॅप्टोप्युरीन होतें. १९६२ मध्यें बॉस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं मृत दात्याचें मूत्रपिंड बसविलें, तें याच औषधाच्या बळावर वर्षाहून अधिक काळ टिकलें.

आतां गोम अशी कीं, या तोतयाचा निकालही झँथीन ऑक्सिडेझच लावतें. त्या विकराचेच हात बांधले तर औषध थोडें पुरेल, या हेतूनें एलियनबाईंच्या मंडळींनीं ॲलोप्युरिनॉल वापरून पाहिलें. औषध प्रबळ झालें खरें, परंतु विषबाधाही तितकीच वाढली. मात्र रोग्यांचें युरिक ॲसिड उतरलें, आणि १९६६ सालीं त्याच गोळीस वातरक्तासाठीं अमेरिकेंत मंजुरी मिळाली. (बाईंना १९८८ चें नोबेल मिळालें, पीएच.डी. त्यांनीं केलेली नव्हती. पदव्या मोजून स्थळें पाहणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.)

दोन्ही गोळ्या एकत्र पोटांत गेल्या कीं निचऱ्याचा मार्ग बंद होतो, तोतया सांचत जातो, आणि अस्थिमज्जा रक्तपेशी निर्माण करीनाशी होते. मग ताप, तोंडांत व्रण, अंगावर काळेनिळे डाग. दोन्ही देणें भागच पडलें तर डॉक्टर ॲझाथायोप्रीनची मात्रा सुमारें एकचतुर्थांशावर आणतात व वारंवार रक्त तपासतात. वातरक्तावरील फेबुक्सोस्टॅट ही नवी गोळीही त्याच विकरास अडविते. म्हणून चिठ्ठ्या दोन असल्यास दोन्ही डॉक्टरांपुढें ठेवाव्या. स्वतः होऊन गोळी सोडूं मात्र नये, कारण तेवढ्यानें बसविलेलें मूत्रपिंड हातचें जाऊं शकतें.

हल्लीं मूत्रपिंडाच्या रोग्यांस बहुधा मायकोफेनोलेट देतात. तें निराळ्याच विकरास रोखून लसिकापेशींना ग्वानीन हें अक्षर नव्यानें बनवूं देत नाहीं. इतर पेशी जुनीं अक्षरें पुनः वापरून निभावून नेतात. लसिकापेशींस तें तितकें साधत नाहीं. त्याचा निचरा झँथीन ऑक्सिडेझवर अवलंबून नसल्यामुळें ॲलोप्युरिनॉलशीं हा तंटा तेथें उद्भवत नाहीं.